भरदुपारची संध्याकाळ

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "बस्त्याव, या वर्षी तुमच्या फोटोग्राफीच्या साधनेविषयी लिहा." साधना हा शब्द ऐकून मी स्टुडिओत इकडेतिकडे पाहिलं. आरशासमोर पासपोर्ट फोटोसाठी आलेले एक गृहस्थ उरलेल्या अकरा केसांचा भांग पाडत होते. कोपऱ्यात पहिल्या कम्युनियनचे पांढरे कपडे घातलेली एक मुलगी आईच्या नकळत वेफर्स खात होती. साधना कुठे दिसली नाही. तेव्हा मी आपलं धंद्याविषयीच लिहितो.

माझा मुख्य धंदा लग्नांचा आणि बारशांचा. पण हिवाळ्यात मी वाळवंटाचे फोटो काढतो, गेली वीसेक वर्षं. वसईत राहून. आमच्याकडे घराबाहेर पाऊल टाकलं की केळी, पानवेली, विहिरी, बावखलं म्हणजे गोड्या पाण्याची तळी. ओल इतकी की भिंतीवर टांगलेल्या पूर्वजांच्या तोंडावरसुद्धा बुरशी येते. अशा मुलखातल्या माणसाला वाळवंट विकणं फार सोपं असतं. आमच्या माणसाला हिरवं बघून कंटाळा आलेला असतो, आणि विरारच्या टॉवरमधल्या माणसाला खिडकीतून दुसऱ्या टॉवरची खिडकी बघून. दोघांनाही दिवाणखान्यात वाळूची टेकडी हवी असते.

फोटोग्राफीच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की वाळवंटाचा फोटो पहाटे तरी काढावा किंवा संध्याकाळी. सूर्य खाली असतो, वाळूच्या प्रत्येक लाटेला लांब सावली पडते, रंग मऊ होतात. दुपारी बारा ते दोन या वेळात कॅमेरा पिशवीतून काढूच नये. सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली, वाळू चपटी, आकाश फिकट, आणि जमिनीवरची गरम हवा थरथरत असल्याने लांबची टेकडी हलल्यासारखी दिसते. हे सगळं खरं आहे. पण पुस्तकं लिहिणाऱ्यांना गिऱ्हाईक नसतं. गिऱ्हाईक साडेनऊला उठतं, हॉटेलच्या फुकटच्या नाश्त्याला पुरेपूर न्याय देतं, आणि बरोबर बाराच्या ठोक्याला वाळूवर येऊन विचारतं, "इथून छान येईल ना?"

बोळिंजचं एक जोडपं आठवतं. लग्नाआधीच्या फोटोंसाठी मी त्यांना कच्छच्या पांढऱ्या रणात नेलं होतं. सकाळी सहाला तयार राहा, असं चारदा बजावलं होतं. मेकअपवाली बाई पहाटे चारला कामाला लागली. साडेदहाला असा शोध लागला की नवरीची डावी पापणी उजवीशी जुळत नाही. सव्वाबाराला आम्ही मिठावर उभे राहिलो. नवऱ्याने काळ्या मखमलीची शेरवानी घातली होती आणि तो आतल्या आत शिजत होता.

"सर, सनसेटवाला लुक येईल ना?" नवरीने विचारलं.

"सनसेट संध्याकाळी असतो."

"हो, पण संध्याकाळी आपली रिटर्न ट्रेन आहे ना. एडिटिंगमध्ये टाकून द्या ना सर, त्यात काय!"

मी टाकून दिला. मागे भगवा सूर्य मावळतोय आणि नवऱ्याची सावली त्याच्याच बुटांखाली लपलेली, असा तो निसर्गातला चमत्कार लग्नाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवला गेला. शेदोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. नवरीचे एक काका खास मला शोधत आले आणि म्हणाले, "काय संध्याकाळ पकडलीत हो!" मी नम्रपणे मान लववली.

तेव्हापासून दुपारची संध्याकाळ करून देणं ही माझी ओळख झाली. बाहेरच्यांसाठी सांगतो, यात जादू काही नाही. कॉम्प्युटरवर फोटो उघडला की बाजूला सरकवायच्या पट्ट्या असतात. एक पट्टी भगभगीत उजेड खाली आणते, दुसरी काळ्या सावल्या उजळते, तिसरी रंगात ऊब भरते. मग एक ब्रश असतो. त्याने नको ते पुसायचं: विजेचा खांब, प्लास्टिकची पिशवी, भिंगावरच्या धुळीचे डाग, नवऱ्याच्या मानेवरचा तीळ. शेवटी वरचं आकाश कापून दुसरं लावायचं. माझ्याकडे तीनशे आकाशं जमवलेली आहेत. हल्ली हे सगळं फोन आपणहून करतो आणि वर विचारतो, अजून सुंदर करू का? तेव्हा माझ्या कलेचं भवितव्य काय, हे वाचकांनी ओळखलंच असेल.

अगदीच काही येत नव्हतं असंही नाही. माझं शिक्षण आमच्या खाडीकडच्या मिठागरांत झालं. मीठ पांढरं, पाणी चकाकणारं, ऊन डोक्यावर. कॅमेऱ्याला पांढरं सहन होत नाही, समोरचं सगळं तो राखाडी करून टाकतो. त्याला समजावून उजेड वाढवावा लागतो, पण इतकाही नाही की मिठाचे खडेच दिसेनासे व्हावेत. ही मेख मला तरुणपणीच सापडली होती. मिठात राबणाऱ्या माणसांचे मी तेव्हा काढलेले फोटो खरोखर चांगले होते. ते कोणी विकत घेतले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आता ज्या प्रकरणासाठी मी हा लेख लिहायला बसलो, ते सांगतो. संपादकांना वाटतंय मी लेन्सविषयी लिहितोय.

कतरीन मावशी माझी सख्खी मावशी नव्हे, माझ्या आईची मैत्रीण. मिठागराकडच्या वाडीत राहते. तिचा नवरा पावलूकाका मिठागरात कामाला होता. नंतर तो आखातात गेला, तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या एका कंपनीच्या छावणीत पाण्याचा टँकर चालवायला. तिसऱ्या वर्षी तिथेच वारला. त्या काळी गरिबाचं प्रेत विमानाने पाठवायची पद्धत नव्हती. कंपनीने त्याला तिथल्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं आणि मावशीला एक कागद पाठवला. त्यावर गावाचं नाव होतं, आणि खाली: ओळ चार, क्रमांक तीन. मावशी तेव्हा तिशीचीही नव्हती. पदरात दोन मुली.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आमच्या सिमेट्रीत पाय ठेवायला जागा नसते. जो तो आपल्या माणसाची कबर धुतो, झेंडूने सजवतो, मेणबत्त्या लावतो आणि शेजारच्या कबरीपेक्षा आपली बरी दिसते ना हे हळूच बघून घेतो. मावशीला सजवायला कबर नव्हती. ती मधल्या मोठ्या क्रुसापाशी उभी राहायची आणि तिथे एक मेणबत्ती लावायची. चाळीस वर्षं ती हेच करत आली होती, आणि आपला माणूस नेमका कुठे आहे हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

मग वसई पूर्वेच्या एका टाइल्सवाल्याला साक्षात्कार झाला. त्याच्या नव्या टाइल्सचा रंग वाळूसारखा होता, म्हणून त्याला कॅलेंडर हवं होतं. बारा महिने, बारा वाळवंटं. जुलैलासुद्धा वाळवंट. "अपना इंडिया का रेत सबने देखा है," असं म्हणून त्याने मला आठ दिवस आखातात पाठवलं. आमच्या वाडीत बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी स्टुडिओत हजर. हातात प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद.

"बस्त्या, त्याच वाळवंटात जातोस ना रे?"

"मावशी, वाळवंट मोठं असतं."

"असू दे मोठं. नंबर हाय ना कागदावर." तिने कागद माझ्या हातात दिला. "फुलं नको, मेनबत्ती नको. तिथं चालतंय नाय चालतंय, कोनाला ठाव. फक्त बघून ये आनि फोटो आन. कुठं निजलाय तो, एकदा बघायचं हाय मला. बाकी काय नको."

मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो.

गाव सापडलं, दफनभूमीही सापडली. ती दुपारी एकला बंद व्हायची. ड्रायव्हर आणि मी पोचलो साडेबाराला, कारण टाइल्सवाल्याच्या फेब्रुवारीसाठी एका टेकडीवर सकाळ गेली होती. चार भिंतींच्या आत सिमेंटच्या दगडांच्या ओळी, सगळ्या चुन्याने रंगवलेल्या. दगड पांढरे, वाळू पांढरी, आकाश पांढरं. झाड नावालाही नाही. राखणदार कुठला होता देव जाणे, पण हिंदी बोलत होता. त्याने कागद पाहिला, चौथ्या ओळीकडे काठी दाखवली, "तीसरा" म्हणाला आणि आपल्या खोलीच्या सावलीत परत गेला. शहाणा माणूस.

ओळीत सहा दगड होते. मी डावीकडून मोजलं. एक, दोन, तीन. तोंडाला पंचा गुंडाळलेला, घाम डोळ्यांत उतरत होता, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर उन्हामुळे काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दगडावर चुन्याचे इतके थर होते की त्यावर काही लिहिलं असेल असं मला वाटलंही नाही. वाकून बघितलंही नाही. माझं लक्ष उजेडाकडे होतं. किती घाणेरडा उजेड आहे, असं मनात म्हणत मी दहाबारा फोटो काढले, 'आमच्या बापा' ही प्रार्थना अर्धवट पुटपुटलो आणि एसीच्या गाडीत जाऊन बसलो.

वसईला परत आल्यावर फोटो उघडला. भयाण होता. मागे दगडांच्या ओळीच ओळी, भिंत, पाण्याची टाकी, एक निळं पिंप. चाळीस वर्षं वाट बघणाऱ्या बाईला हे कसं द्यायचं? मला तिची माया होती, हे खोटं नाही. माझ्या आईच्या आजारपणात तिने रात्री जागवल्या होत्या. तेव्हा मी त्या एका फोटोवर टाइल्सवाल्याच्या बारा महिन्यांहून जास्त मेहनत घेतली. आधी कडा कापून तो दगड चौकटीच्या एक तृतीयांशावर आणला, कारण पुस्तकात तसं लिहिलंय. मग भिंत, टाकी, पिंप पुसलं. मागच्या ओळी पुसल्या. दगडाच्या तोंडावर काळपट ओरखडे होते. सावल्यांची पट्टी सरकवल्यावर ते बरेचसे गेले, राहिलेले ब्रशने साफ केले. वर आकाश लावलं, माझ्या संग्रहातलं सर्वांत मऊ, केशरी. दगडाला हाताने रंगवून लांब सावली दिली. अथांग वाळूत एकटा पांढरा दगड आणि मावळता सूर्य. सोनेरी फ्रेम करून मी तो मावशीकडे नेला.

मावशी कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "केवढी शांत जागा हाय."

"हो ना."

"एकटाच हाय होय रे?"

"एकटाच," मी म्हणालो. ज्याने दीडशे दगड स्वतःच्या हाताने पुसले, त्याला आणखी एक शब्द काय जड?

तिने तो फोटो घरातल्या अल्ताराच्या, म्हणजे आमच्या देवघराच्या, बाजूला लावला. त्या वर्षीपासून दोन नोव्हेंबरला ती सिमेट्रीत जाण्याआधी घरी फोटोसमोर मेणबत्ती लावू लागली. रोज संध्याकाळी तिथेच रोझरीची माळ ओढायची. वाडीतल्या बायका फोटो बघायला यायच्या आणि बाहेर पडताना माझं नाव घ्यायच्या. बायकोजवळ मी म्हणालोसुद्धा, कधीकधी आपल्या हातून पुण्य घडतं.

अशी सात वर्षं गेली.

गेल्या वर्षी बोळिंजच्या एका मोठ्या सोसायटीतल्या हौशी मंडळींनी क्लबहाउसमध्ये माझं शिबिर ठेवलं. विषय: भर दुपारच्या उन्हातून सुंदर फोटो. चाळीस सभासद, प्रत्येकाच्या गळ्यात माझ्यापेक्षा महागडा कॅमेरा. मी नेहमीप्रमाणे आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो असे जोडीने पडद्यावर दाखवत होतो. जोडी बदलली की "वा!" असा सामुदायिक उद्गार निघत होता. शेवटी भावनिक म्हणून मी पावलूकाकाची कबर ठेवली होती. आधी मूळ फोटो, बाराच्या उन्हातला. मग केशरी संध्याकाळ. दोनतीन बायकांनी डोळे टिपले.

पहिल्या रांगेत एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्यांनी "वा" म्हटलं नाही. त्यांनी वर्गात करतात तसा हात वर केला.

"आधीचा फोटो परत लावा जरा. आता मोठा करा. अजून. त्या दगडावर नाव आहे."

मी पडद्याकडे वळलो. भिंतभर मोठा झालेला तो दगड मी प्रथमच बघत होतो. ज्यांना मी ओरखडे समजलो होतो, ती अक्षरं होती. ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याने कोरलेली, वर चुन्याचे थर बसून बुजत आलेली. सकाळी किंवा संध्याकाळी ती वाचताही आली नसती. पण दगड उभा होता आणि ऊन बरोबर डोक्यावरून त्याच्या अंगाला घासत खाली येत होतं, त्यामुळे प्रत्येक खाचेत काळी बारीक सावली साचली होती. ज्या उजेडाला मी घाणेरडा म्हटलं, त्यानेच ते नाव उठवलं होतं.

"ई. मॅथ्यू," बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "आणि तुमच्या नंतरच्या फोटोत नाव नाही. तुम्ही खोडलंत का?"

मी म्हणालो, चहा घेऊया.

चहा न घेताच मी निघालो. स्टुडिओचं शटर आतून ओढलं आणि मूळ फोटो पूर्ण उघडला, न कापलेला. डावीकडून तिसरा, ई. मॅथ्यू. मग नजर उजवीकडे नेली. चौथा दगड अगदी कडेला होता, माझ्या एक तृतीयांशाच्या नियमात न बसणारा. त्यावर इंग्रजीत वेडीवाकडी अक्षरं: पी, ए, यू, एल. खाली: इंडिया. सहा दगडांच्या ओळीत डावीकडून चौथा म्हणजे उजवीकडून तिसरा. कंपनीच्या कागदावर कुठून मोजायचं ते लिहिलं नव्हतं, आणि विचारण्यासाठी मला पन्नास पावलं चालून सावलीपर्यंत जावं लागलं असतं. पावलूकाका सात वर्षं माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता. मीच त्याला कात्री लावली होती.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. घरी बायकोला, रिटाला सांगितलं. ती म्हणाली, "आता गप्प बस. म्हातारी पंच्याहत्तर वर्षांची आहे. तिला समाधान आहे ना? तू काय मिळवणार सांगून?"

सल्ला व्यवहारी होता आणि मला तो फार आवडला. त्यात मी माझी हुशारी मिसळली. म्हटलं, चौथ्या दगडाचा तसाच फोटो बनवू. तेच आकाश, तीच सावली. जुन्या फोटोला ओल लागलीय असं सांगून फ्रेममध्ये नवा घालू. मावशीला पत्ता लागणार नाही आणि देवाकडे हिशेबही चुकता होईल. बसलो. आकाश लावलं. सावल्यांची पट्टी सरकवायला घेतली तसं दगडावरचं नाव फिकं होऊ लागलं. पट्टी मागे नेली, नाव परत आलं. पुढे नेली, गेलं. असं मी पाचसहा वेळा केलं. मग माऊस सोडला, जोडलेलं आकाश काढलं आणि कॅमेऱ्याने दिला होता तसा अख्खा फोटो मोठा छापायला टाकला. भिंत, टाकी, पिंप, सगळ्या ओळी. माझ्या धंद्यात न सुधारलेला फोटो गिऱ्हाइकाला देणं म्हणजे विजार न घालता बाजारात जाणं.

दोन नोव्हेंबरला आठवडा होता. सकाळी गेलो तेव्हा मावशी ओटीवर सुके बोंबील साफ करत बसली होती. मी आत जाऊन बसलो, तशी तीही हात पुसत आली.

"मावशी, एक चूक झालीय."

"कोनाची?"

"माझी. हा फोटो पावलूकाकाच्या कबरीचा नाही. बाजूच्या कबरीचा आहे."

तिने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत भिंतीकडे पाहिलं.

"मंग कोन हाय हा?"

"कोणी ई. मॅथ्यू म्हणून आहे."

"मॅथ्यू?" तिचा आवाज चढला. "सात वर्सं मी या बाप्याला रोज सगळं सांगते! पोरीचा फोन आला, गुडघा दुखतोय, मीठ महागलं! मी वळखत पन नाय त्याला!"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. मावशीला दोन्ही आलं नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"नाव नव्हतं दगडावर?"

"होतं."

"वाचलं नाय तू?"

"नाही."

"मंग कशाला गेला होतास?"

"फोटो काढायला."

"फोटो कोन पन काढतो रे. मी तुला बघायला धाडला होता."

वीस वर्षांत माझ्या कामाविषयी पुष्कळांचं पुष्कळ बोलून झालं आहे, मानपत्रंही मिळाली आहेत. हे एक वाक्य तेवढं माझ्या अंगाला चिकटून राहिलं. मी तिला बसवलं, पिशवीतून नवा फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि चौथ्या दगडावर बोट टेकलं. तिला इंग्रजी येत नाही. मी एकेक अक्षर दाखवून वाचलं. तिने माझ्या बोटाच्या मागोमाग स्वतःचं बोट फिरवलं, दोनदा.

"आनि हे बाकीचे?"

"बाकीच्या कबरी. खूप आहेत."

"तू तर बोलला, एकटाच हाय."

"मी पुसल्या होत्या. फोटो चांगला दिसावा म्हणून."

"मानसं पुसलीस?" ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "बरं झालं. सोबत हाय म्हनजे त्याला."

ती परत फोटोत बघू लागली. आता तिने डोळे बारीक केले होते. अख्खा जन्म मिठागरात काढलेली बाई. पांढऱ्या उन्हाकडे कसं बघायचं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

"बारा वाजलेत इथं."

"हो. साडेबारा."

"सावली नाय कुठं."

"झाडच नाही तिथे, मावशी."

"एवढं ऊन?" तिने फोटोवर तळहात ठेवला, पावलूकाकाच्या दगडावर, आडवा. "मला पत्रात लिवायचा, इथं हवा बरी हाय, काळजी करू नको. तीन वर्सं हेच लिवत होता. मी पन खरं मानलं."

आणि मग ती रडली. सात वर्षांपूर्वी केशरी संध्याकाळ बघून ती रडली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. मीही रडलो. ते काही मी कमी करून सांगणार नाही.

थोड्या वेळाने तिने पदराने तोंड पुसलं. निदान एवढं तरी आपण निस्तरावं म्हणून मी उठलो आणि भिंतीवरची सोनेरी फ्रेम काढायला हात घातला.

"राहू दे त्याला," मावशी म्हणाली.

"मावशी, हा पावलूकाका नाही."

"कळलं एकदा. मॅथ्यू हाय. त्याची पन बायको असंल की कुठं. तिच्या भिंतीवर माझा पावलू नसंल कशावरून? तुझ्यासारखा फोटोवाला काय तू एकटाच हायस?"

मग तिने मला फळीवरची हातोडी घ्यायला सांगितली. मी मॅथ्यूच्या उजव्या बाजूला खिळा ठोकला, आणि ते दोघं तिथे ओळीत आहेत तसे भिंतीवर लावले.